समुद्राजवळचं घर विकलं तेव्हा

आमचं पहिलं स्वतःचं घर आम्ही घेतलं ते माझ्या नवऱ्याच्या निवृत्तीनंतर, आणि घेतलं ते थेट समुद्राजवळ. त्याआधीचा सगळा संसार नेपानगरला, पेपर मिलच्या क्वार्टरमध्ये झाला. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे अंगण. क्वार्टर मिलचं, नळ मिलचा, भिंतही मिलची. कॅलेंडरसाठी खिळा ठोकायचा तरी हे आधी भिंतीकडे बघत उभे राहायचे. मी मूळची बुऱ्हाणपूरची. माहेरची केळीची शेती तापीकाठी, पण राहतं घर शहरात, इतवारा पेठेच्या मागच्या गल्लीत. लग्न होऊन कॉलनीत आले आणि वर्षभरातच तिथल्या बायकांचे ब्लाउज शिवायला लागले. त्यामुळे आमच्या दाराला दिवसा कडी म्हणून लागली नाही. कोणी माप द्यायला यायचं, कोणी हुक तुटला म्हणून, कोणी नुसतंच बसायला.

हे मिलमध्ये मशीनवर होते. कागदाचं मशीन म्हणजे काय, ते मी एकदाच आत जाऊन पाहिलं. आगगाडीसारखं लांबलचक. एका टोकाला लगदा, दुसऱ्या टोकाला कागद, आणि मधे नुसती धग आणि आवाज. तिथून हे घरी यायचे ते भाजून निघाल्यासारखे. त्यात आमच्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात दुपारी व्हरांड्याच्या जाळीला हात लागला तर चटका बसतो.

मुलगी शाळेत असताना कॉलनीतल्या काही कुटुंबांबरोबर आम्ही कोकणात सहलीला गेलो होतो. बाकीचे फोटो काढत होते, पोरं पाण्यात उड्या मारत होती, आणि हे वाळूत एका जागी तोंड समुद्राकडे करून उभे. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "हवा बघ इथली. कोणीतरी पाणी शिंपडून ठेवल्यासारखी." पुढे दर उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरताना ह्यांना ती हवा आठवायची.

निवृत्ती आली, क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा मी आपली बुऱ्हाणपुरात घरं बघू लागले होते. तेवढ्यात इंदूरहून मुलीचा फोन आला. तिनं मोबाइलवर जाहिरात पाहिली होती. कोकणात नवीन वसाहत, मॉडर्न फॅमिली होम, बीचपासून चालत पाच मिनिटं. "पप्पा, एकदा पाहून तर या. आवडलं नाही तर छोड देंगे," ती म्हणाली. डिसेंबरात आम्ही पाहून आलो. डिसेंबरात तिथं स्वर्ग असतो. पांढरं शुभ्र दोन मजली घर. खाली मोठा हॉल आणि हॉलमध्येच स्वयंपाकाचा ओटा. ह्याला ओपन किचन म्हणतात हे मला तिथं कळलं. पश्चिमेला फरशीपासून छतापर्यंत काचेचं सरकतं दार. वर दोन खोल्या, त्यांना जोडून दोन बाथरूम, वर गच्ची. मधे सुरूची झाडं असल्यामुळे समुद्र दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. "मॅडम, हा आवाज ऐकायला तर लोक येतात इथं," एजंट म्हणाला. ह्यांनी भिंतीवरून हात फिरवला. मला तेव्हाच कळलं की आता घर ठरलं.

माझ्या भावानं गल्लीभर सांगितलं. "भाऊजी तर एकदम हिरो झाले. सम्राटासारखे समुद्राकाठी राहू राहिले आता." निघताना भावजयीनं डबे भरून दिले, शेजारणी स्टेशनपर्यंत आल्या. मुलगी जन्मली तेव्हाही एवढं कौतुक झालं नव्हतं.

पहिले काही महिने मजेत गेले हे मी कबूल करते. काचेचं दार सरकवलं की वारा सगळ्या घरातून फिरून जायचा. संध्याकाळी आम्ही दोघं सुरूच्या बनातून किनाऱ्यावर जायचो, भिजलेल्या वाळूवर बसायचो. मुलगी, जावई, नातू आले. नातू त्या वाळूत पहिली पावलं टाकायला शिकला. त्याचा व्हिडिओ मुलीनं सगळीकडे पाठवला.

मग पाहुणे गेले आणि घर उरलं.

तिथली बाकीची घरं मुंबई-पुण्याच्या लोकांची होती. सुट्टीत गाड्या यायच्या, गाणी लागायची, आणि सुट्टी संपली की कुलपं. मधल्या दिवसांत अख्ख्या वसाहतीत दिवा आमच्याच घरात. मूळ गाव खाली, खाडीकडे. तिथली माणसं चांगली होती, पण त्यांचे त्यांचे संसार, त्यांची बोट, त्यांची बाग. माझ्याशी बोलायचं तर कोणत्या विषयावर? किराणा दुकानदारानं पहिल्याच दिवशी विचारलं, "नागपूरकडच्या का तुम्ही?" मी म्हटलं, नाही, मध्य प्रदेश, बुऱ्हाणपूर. तो म्हणाला, "अरे वा, मग मराठी कुठं शिकलात?" चार पिढ्यांपासून आम्ही मराठीच बोलतो, हे त्याला सांगता सांगता माझी पिशवी भरून झाली. त्यानंतर दर वेळी तो माझं बोलणं कौतुकानं ऐकायचा. कौतुकच ते, पण गप्पा होत नव्हत्या.

शिलाईचं मशीन मी हट्टानं नेलं होतं. ते वरच्या खोलीत खिडकीशी ठेवलं. गावात शिवणाऱ्या बायका होत्याच, कोण कशाला चढ चढून माझ्याकडे येणार? मशीन तसंच राहिलं आणि खाऱ्या वाऱ्यानं त्याच्या चाकाला गंज धरला. गंज तर कशाला नव्हता? पंखा, कडी, गॅसची शेगडी, चाव्या. काचेचं दार दर पावसाळ्यात अडकायचं. माझ्या कुरडया, ज्या बुऱ्हाणपूरच्या गच्चीवर दोन उन्हांत खडखडीत होतात, त्या तिथं डब्यातसुद्धा मऊ पडायच्या. मी त्या तळायच्या आणि आम्ही दोघं न बोलता चावायचो.

हे मात्र सुखात आहेत असं मला वाटायचं. सकाळी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून फिरून यायचे, कोणती होडी लागली, कोणती नाही, ते सांगायचे. मग तेलाची बाटली आणि पॉलिश पेपर घेऊन गंजामागे लागायचे. जन्म मशीनवर काढलेला माणूस, हातांना काम मिळालं, बरं झालं, असं मी म्हणायचे. डोळे लाल असायचे, ते मी वाऱ्याच्या खात्यावर टाकले. पेपर वाचता वाचता मान पडायची, ती वयाच्या. आणि मी स्वतः काही बोलायचे नाही. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंतीत राहिला. आता कुठं त्याला मनासारखं घर मिळालं आहे, तर आपण तोंड वाकडं कशाला करायचं?

अशी चारेक वर्षं गेली.

मग माझ्या भाच्याचं लग्न निघालं, भर मे महिन्यात. आम्ही दोघं बुऱ्हाणपूरला गेलो. रेल्वेतून उतरलो तर प्लॅटफॉर्मवरची हवा अंगावर गरम इस्त्रीसारखी आली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी तशीच क्षणभर उभी राहिले. भाऊ म्हणाला, "ताई, चल ना, ऊन लागू राहिलं." मी म्हटलं, "लागू दे."

भावाच्या घरामागच्या गल्लीत पॉवरलूम आहेत. दिवसभर खटखट, खटखट, एका लयीत. तिथल्या माणसांना तो आवाज ऐकूच येत नाही. वीज गेली की सगळे दचकून म्हणतात, काय झालं? आम्ही पोचलो त्या दिवशी दुपारी जेवण झालं. भावजयीनं आमरस केला होता. हे हात धुऊन मागच्या खोलीत जरा पडतो म्हणाले. कूलर लावला, मी दार लोटून घेतलं.

चहाच्या वेळेला हाक मारली, उठले नाहीत. म्हटलं, प्रवासाचा शीण आहे. घरात हळदीची गडबड, बायका जमलेल्या, अंगणात लाउडस्पीकर लावून बघत होते. दिवेलागणीला पुन्हा गेले. कूस बदलली, घोरले, पण डोळे उघडले नाहीत. मी खांदा हलवला. "हं," म्हणाले आणि पुन्हा गेले. मी बाहेर येऊन भावाला म्हटलं, "अरे, हे उठत नाहीत."

भावानं येऊन पाहिलं. "भाऊजी, ओ भाऊजी." काही नाही. त्यानं गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. म्हातारे डॉक्टर, माझ्या आईलाही त्यांनीच पाहिलं होतं. त्यांनी नाडी पाहिली, बीपी घेतलं, पापणी वर करून टॉर्च मारली. ह्यांनी झोपेतच त्यांचा हात बाजूला केला. डॉक्टर माझ्याकडे वळले.

"किती दिवस झोपले नाहीत हे?"

"असं काही नाही. रोज झोपतात."

"तुम्ही पाहिलं झोपताना?" ते म्हणाले. "यांना काही झालेलं नाही. झोपेची उधारी फेडू राहिले आहेत. नींद पूरी होऊ द्या. उठतील तेव्हा खायला द्या."

हे उठले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, बायका रांगोळी काढत होत्या तेव्हा. बाहेर आले, ओट्यावर बसले, चेहरा असा की मला आमच्या लग्नातला आठवला. चहा दोन कप प्यायले. मी शेजारी बसले आणि विचारलं, "तिकडे झोप येत नाही का तुम्हाला?"

त्यांनी कप खाली ठेवला. मागून लूमची खटखट चालू होती.

"मिलमध्ये कसं असायचं," ते म्हणाले, "आवाज सलग असायचा. क्वार्टरमध्ये पडलो तरी तो लांबून यायचा. त्यात माणूस झोपतो. हा समुद्र तसा नाही. येतो, आदळतो, आणि थांबतो. थांबला की मी जागा. आता येईल, आता येईल, म्हणून वाट बघत पडतो. आला की जरा सैल पडतो, तेवढ्यात परत थांबतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच म्हण ना. वाटलं होतं, सवय होईल."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुला मी नेलं तिकडं. भरल्या कॉलनीतून उचलून नेलं. आणि आता कोणत्या तोंडानं सांगू की मलाच झेपत नाही? आणि तू तर रमली होतीस."

"मी रमले होते?" मी म्हटलं. "कशावरून?"

"कधी काही बोलली नाहीस."

मला हसू यायला लागलं. ते थांबेना. भावजय हळदीचं ताट घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, काय झालं ते सांगा तरी." मला बोलता येईना. हे पण हसायला लागले. मग मी ह्यांना एकेक सांगितलं. कुरडया, शिलाईचं मशीन, दुकानदार, आणि संध्याकाळी दिवा लावला की बाहेर सगळी बंद घरं दिसायची ते. ते ऐकत गेले आणि मान हलवत गेले. शेवटी म्हणाले, "मग विकून टाकू या का?" इतक्या सहज, जणू रद्दी द्यायची आहे. माझ्या छातीवरून कोणीतरी पाटा उचलला. त्या लग्नात मी जेवढी नाचले तेवढं माझ्या लग्नातही कोणी नाचलं नसेल.

मुलीला मात्र राग आला. "मम्मी, सीरियसली? पप्पांचं ड्रीम होतं ते. और बच्चे का क्या? तो सगळ्यांना सांगतो, माझ्या नानांचं घर समुद्राजवळ आहे." ह्यांनी फोन घेतला. म्हणाले, "बेटा, पुरं झालं ना ते. पुरं झालं म्हणूनच सोडता येतंय." ती मानली नाही. ते घर तिनं शोधलं होतं, तिच्या मुलाची पहिली पावलं तिथली होती. तिचं दुःख खोटं नव्हतं आणि आम्ही ते पुसू शकत नव्हतो. पुढे दोन-तीन आठवडे तिनं फोनवर फक्त तब्येतीची चौकशी केली.

आम्ही कोकणात परतलो आणि घर विकायला काढलं. एजंट तोच. त्यानं पुन्हा तीच जाहिरात लावली, फोटो फक्त नवे.

आणि इथं एक अडचण उभी राहिली. ती म्हणजे माझा नवरा. घर बघायला पहिल्यांदा पुण्याचं एक तरुण जोडपं आलं. त्यातली बायको काचेच्या दाराशी उभी राहून म्हणाली, किती सुंदर. हे पुढे झाले. "दार सुंदर आहे, पण पावसाळ्यात अडकतं. खाली रूळ गंजतो. बघा, इथं मी दोनदा बदललाय. आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी जरा मचूळ लागतं. डाळ शिजत नाही." एजंट त्यांच्या पाठीमागून खुणा करत होता. जोडपं चहा पिऊन गेलं, परत आलं नाही.

नंतर एक गृहस्थ आले. पर्यटकांना भाड्यानं द्यायला घर हवं होतं. त्यांना ह्यांनी गच्चीवर नेऊन तिथला पत्रा वाऱ्यानं कुठून उचलला जातो ते दाखवलं, वादळात वीज किती दिवस जाते ते सांगितलं. आणखी दोन-तीन कुटुंबं अशीच आली आणि अशीच गेली. एजंट मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, सरांना फिरायला पाठवा ना तेवढा वेळ."

मी त्या दिवशी चिडले. "तुम्हाला विकायचं आहे की नाही? मनात नसेल तर तसं सांगा."

"आहे की."

"मग गंज कशाला दाखवत फिरता?"

"आपण आलो तेव्हा आपल्याला कोणी दाखवला होता का?" ते शांतपणे म्हणाले. "मी अंधारात घेतलं. दुसऱ्याला अंधारात देऊन जायला नको वाटतं. राहायचं तर माहीत असून राहावं."

मी एजंटला सांगितलं, हे घरीच राहतील, गिऱ्हाईक तू दुसरं बघ.

पावसाळा गेला, दसरा गेला. मग एका दुपारी रिक्षानं दोघी मायलेकी आल्या. लेक माझ्याहून थोडी लहान, केस आखूड, चालणं भरभर. नागपूरच्या एका इस्पितळात नर्स होती आणि आता नोकरी सोडून आली होती. बरोबर तिची आई, अगदी वाळलेली, नऊवारी नेसलेली, हातात काठी. खाडीपलीकडचं गाव त्यांचं मूळ गाव. वडील गेल्यावर लेक आईला नागपूरला घेऊन गेली होती, आणि तिथल्या फ्लॅटमध्ये आईनं वर्षानुवर्षं काढली होती. जुनं घर भावकीत गेलं, आता परत यायचं तर नवीन हवं.

ह्यांनी नेहमीप्रमाणे दारापासून सुरुवात केली. नर्सबाई ऐकत राहिल्या. रूळ झाला, पाणी झालं, पत्रा झाला, वीज झाली. मग त्या म्हणाल्या, "दादा, मी इथलीच आहे. आमच्या घरात पावसाळ्यात घागरी लावायचो आम्ही, गळतीखाली. तुम्ही सांगताय ते सगळं माहीत आहे मला. आणखी काही असेल तर सांगा."

हे काचेच्या दाराकडे वळले. मग म्हणाले, "आवाज येतो समुद्राचा. थांबून थांबून."

"येणारच," त्या म्हणाल्या.

म्हातारी तोवर आत शिरली होती. तिनं ओपन किचन पाहिलं आणि नाक मुरडलं. काचेच्या दाराकडे पाहिलंच नाही. सरळ मागच्या दाराशी गेली, कडी काढली, बाहेरच्या मोकळ्या जागेकडे बघत उभी राहिली. मी तिच्या मागे गेले. तिनं मला विचारलं, "बाय, इथं मासळी सुकत घातली तर कोणी काय बोलेल?"

आमच्या घरात मासळी कधी आली नव्हती. मी म्हटलं, "कोण बोलणार आजी? शेजारी कोणी राहतच नाही."

"नाय राहत?"

"सुट्टीत येतात फक्त. एरवी कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

"ते आता फिरकेल," म्हातारी म्हणाली. "माझ्या दोन बहिणी आहेत पलीकडं. भाचे आहेत, त्यांच्या सुना आहेत. सगळ्यांना कळलं मी आले, की बघ." आणि तिनं काठीनं जागा दाखवायला सुरुवात केली. इथं दोरी, इथं चूल, इथं बसायला फळी. ती त्या रिकाम्या जागेवर माणसं मांडत होती. मला एकदम वाटलं, ह्या घरात काही वाईट नव्हतं. त्याला फक्त आमच्यासारखी माणसं नको होती, ज्यांच्या जावा-नणंदा, बहिणी, शेजारणी सगळ्या रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला आहेत.

नर्सबाईंनी दोन दिवसांत होकार कळवला. एजंटला विश्वास बसेना. तो म्हणाला, "सरांनी आवाजाचंसुद्धा सांगितलं, तरी घेतलं."

कागदपत्रांवर सह्या करायला जायचं, त्या सकाळी हे उठून न सांगता बाहेर पडले. नेहमीची फिरायची वेळ होऊन गेली, चहा गार झाला, रिक्षा दारात येऊन उभी राहिली. नर्सबाईंचा फोन आला, आम्ही निघालोय. मी दाराशी उभी. मनात नको नको ते यायला लागलं. बदललं का ह्यांचं मन? आता जर नाही म्हणाले तर? तर मीही काही न बोलता तिथंच राहिले असते, हे मला माहीत होतं.

सुरूच्या बनातून हे येताना दिसले. पॅन्ट कमरेपर्यंत चिंब, शर्टसुद्धा ओला.

"अहो, हे काय?"

"आत गेलो होतो जरा," ते म्हणाले. "इतकी वर्षं राहिलो, घोट्याच्या पुढे कधी पाणी लागू दिलं नाही. भीती वाटायची. आज म्हटलं, जाताना एकदा बघू."

"मग?"

"गार आहे." ते आत गेले, कपडे बदलून आले. रिक्षात बसताना म्हणाले, "चल लवकर. त्या बायका ताटकळतील."

सह्या झाल्या. सामानातलं बरंचसं आम्ही तिथंच ठेवलं. म्हातारीला झोपायला खाली पलंग हवा होता, तोही दिला. शिलाईचं मशीन तेवढं आणलं. ह्यांनी त्याचं चाक घासून पुन्हा फिरतं केलं होतं. निघताना घराच्या मागच्या बाजूला म्हातारीच्या बहिणी आल्याच होत्या. तिघी एकाच वेळी बोलत होत्या आणि कोणाचंच कोणी ऐकत नव्हतं. मी निरोप घ्यायला गेले तर मलाही हात धरून खाली बसवलं. कोण कुठली, विचारलं. चहा पाजला. त्या वसाहतीत इतक्या वर्षांत मला कोणी चहाला बसवलं नव्हतं, आणि बसवलं ते घर दुसऱ्याचं झाल्यावर.

परतीच्या गाडीत भुसावळनंतर मी खिडकी उघडली. कोरडी हवा आत आली. हे समोरच्या बाकावर मान टाकून झोपले होते. गाडीचा आवाज सलग होता. रावेर गेलं, रुळांच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, कुठून येताय? मी म्हटलं, समुद्रावरून. ती म्हणाली, नशीबवान आहात. मी म्हटलं, हो. ते खरंच होतं, फक्त तिला वाटत होतं त्या कारणानं नाही.

बुऱ्हाणपुरात भावानं स्टेशनकडच्या एका कॉलनीत तळमजल्याचं घर बघून ठेवलं होतं, आधी भाड्यानं, पटलं तर विकत. खिडकीतून समोर काही दिसत नाही, शेजाऱ्यांची भिंत दिसते आणि भिंतीवरची पाण्याची पाइपलाइन. मी पिशव्या खाली ठेवल्या, शेगडी जोडून घेतली, दूध तापत ठेवलं. दार उघडंच होतं. एक बाई सरळ आत आली, हातात कोथिंबिरीची जुडी, निवडता निवडताच.

"तुम्हीच का नव्या? कुठून आले?"

मी सांगितलं.

"इथं पाणी एक दिवसाआड येतं. आज येऊ राहिलं, आत्ताच भरून ठेवा, नाहीतर परवापर्यंत बसा." तिनं आत डोकावून पाहिलं. "ड्रम नाही का? मी देते माझा. आणि हे काय, शिलाईचं मशीन? ब्लाउज शिवता का? माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न आहे."

ह्यांनी नळाला पाइप लावला. त्या बाईनं दारातूनच स्वतःच्या नवऱ्याला ड्रम घेऊन यायला हाक मारली आणि मोरीच्या उंबऱ्यावर टेकून मला लग्नाची सगळी हकीकत सांगायला लागली. मुलाकडचे कोण, मुलगी काय शिकली, कपडे कुठून आणले. मी ऐकत होते. दूध उतू गेलं. तिनं गॅस बंद केला, फडकं शोधून ओटा पुसला, आणि बोलायची काही थांबली नाही.